नोशीर वाडिया

डॉ. नोशीर होरमसजी वाडिया (२७ जानेवारी, १९२५ – १० एप्रिल, २०१६) हे मुंबईतील भारतीय मज्जाविकारतज्ज्ञ होते. मंद नेत्रगतीसह येणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियाचे (तोल व हालचालींतील सुसूत्रता नष्ट करणाऱ्या विकाराचे) त्यांनी केलेले वर्णन जगभर प्रमाण मानले जाते.

कारकीर्द

वाडियांचा जन्म सुरतेत एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी लंडनमध्ये मज्जाविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. १९५७ मध्ये परतल्यानंतर त्यांनी जे. जे. रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग उभारला. पुढे ते जसलोक रुग्णालयातही कार्यरत होते.

अटॅक्सियावरील संशोधन

या विकारांत अनुमस्तिष्क व त्याच्याशी जोडलेले चेतामार्ग हळूहळू झिजतात. चाल अडखळते, हात थरथरतात, बोलणे अस्पष्ट होते. लक्षणे परस्परांत मिसळणारी असल्याने त्यांचे प्रकार वेगळे करणे कठीण होते. रुग्णाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन न जाता संथपणे सरकते, या खुणेला वाडियांनी महत्त्व दिले. १९७१ मध्ये आर. के. स्वामी यांच्यासह त्यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि हा विकाराचा नवा प्रकार असल्याचे मांडले. ही खूण तपासण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

त्या काळी या निष्कर्षाची जनुकीय पडताळणी शक्य नव्हती. १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरील संबंधित जनुक सापडले. त्यातील सीएजी या त्रयीची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढल्याने स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार २ (एससीए२) होतो. १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी या प्रकाराच्या सहा भारतीय कुटुंबांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध करून निदानातील मंद नेत्रगतीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

विकार प्रभावी आनुवंशिकतेने संक्रमित होतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे अचूक निदानाचा संबंध संपूर्ण कुटुंबाशी येतो. विकार मुळापासून बरा करणारा उपचार अद्याप नाही.

अन्य कार्य व सन्मान

मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या जन्मजात विस्थापनामुळे मज्जारज्जूला होणारी इजा, तसेच १९८१ च्या मुंबईतील डोळ्यांच्या साथीनंतर आढळलेला पोलिओसदृश पक्षाघात, यांवरही त्यांनी संशोधन केले. २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले.