रक्तदाब उतरवणारी मुळी आणि चोंदलेले नाक

सर्पगंधेला आधुनिक वैद्यकात मानाचे स्थान मिळवून देणारे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले.

उच्च रक्तदाबावर त्या काळी खात्रीचा इलाज नव्हता. सर्पगंधेची मुळी वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिचा गुण नोंदवलाही होता. पण पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही. डॉ. वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी या मुळीवर प्रयोग केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे केले.

या औषधाने रक्तदाब उतरे, तसे अनेकांचे नाकही चोंदे. या दोन्हींचे मूळ एकच होते. नाकावर दोन प्रकारच्या मज्जातंतूंची सत्ता चालते. अनुकंपी तंतू नॉरॲड्रेनालिन स्रवून रक्तवाहिन्या आकसून ठेवतात, तर परानुकंपी तंतू ॲसिटिलकोलिनद्वारे ग्रंथींना पाझरायला लावतात. रिसर्पिनमुळे अनुकंपी तंतूंमधील नॉरॲड्रेनालिनचा साठा रिता होतो. मग शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घटतो आणि नाकातील वाहिन्या फुगून श्वास कोंडतो.

सर्दीवरील औषधे याच यंत्रणेचा उलट उपयोग करतात. पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्यावरून परतल्यावर नाक चोंदले, तर आपण झायलोमेटॅझोलिनचे थेंब घालतो. ते नॉरॲड्रेनालिनची नक्कल करून वाहिन्या आकसवतात. मात्र आठवडाभराहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. गार वाऱ्यात नुसतेच वाहणारे नाक हे परानुकंपी तंतूंचे काम. तेथे ॲसिटिलकोलिनला अडवणारा इप्राट्रोपियमचा फवारा उपयोगी पडतो.

डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण लाभले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. नैराश्यासारखे दुष्परिणाम आणि नवी औषधे यांमुळे रिसर्पिन मागे पडले. तथापि परंपरेतील औषध पुराव्याच्या कसोटीवर घासून जगापुढे ठेवण्याचा त्यांनी घालून दिलेला धडा जुना झालेला नाही.