बहिणाबाईंची बोली

बहिणाबाई चौधरी यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. पाठ्यपुस्तकांतून, चित्रपटगीतांतून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून त्यांच्या ओव्या पिढ्यान् पिढ्या कानांवर पडत आल्या आहेत. मात्र ही कविता कोणत्या बोलीतील, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर अहिराणी असेच येते. हे उत्तर बरोबर नाही. बहिणाबाईंची बोली ही तापीकाठच्या पूर्व खान्देशातील लेवा बोली, जिला लेवा गणबोली असेही म्हणतात. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु बहिणाबाईंचे सारे आयुष्य ज्या दहा-बारा मैलांच्या परिसरात गेले, तो परिसर आणि त्यांची कविता यांचे नाते समजून घ्यायचे तर प्रारंभ या बोलीपासूनच करावा लागतो.

जळगावच्या जवळच असलेल्या असोदे या गावी १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, महाजनांच्या शेतकरी कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी अशा भरल्या घरात त्यांचे बालपण गेले. त्या काळी खेड्यातील मुलीने शाळेची पायरी चढण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे अक्षरओळख त्यांना कधीच झाली नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासर-माहेरातील अंतर फारसे नव्हते. तरीही एका खटल्याच्या घरातून दुसऱ्या खटल्याच्या घरात गेलेल्या मुलीला ते केवढे वाटत असेल, हे त्यांच्या माहेरावरच्या ओव्यांवरून कळते. लेकीला माहेर असावे म्हणूनच तिची आई सासरी नांदत असते, हा विचार अशाच अनुभवातून त्यांच्या मुखी आला.

संसार सुखाचा होता असे म्हणता येणार नाही. ओंकार, सोपान आणि काशी ही तीन अपत्ये झाली. वयाच्या तिशीतच, १९१० च्या सुमारास, पतीचे निधन झाले. धाकटा सोपान तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता. पुढे जळगावात प्लेगची साथ आली आणि तीत ओंकारला कायमचे अपंगत्व आले. विधवेच्या वाट्याला येणारी उपेक्षा होतीच, शेतीचे कष्टही होते. बहिणाबाईंनी रडत बसण्याऐवजी कामाला हात घातला. कपाळाचे कुंकू पुसले गेले तरी हातावरचे गोंदण कोणी पुसू शकत नाही, अशा आशयाची समजूत त्यांनी स्वतःच स्वतःला घातली. भविष्य सांगायला दारी आलेल्या जोशालाही त्यांनी आपल्या ओवीतून माघारी पाठवले.

त्यांची कविता जन्माला आली ती या कामांमधून. पहाटे जात्यावर दळताना, चूल पेटवताना, मोट चालू असताना, पेरणी, कापणी, मळणी आणि उपणणीच्या वेळी त्या ओव्या रचत आणि गात. सुगरणीचा खोपा, वाऱ्यावर डोलणारे शेत, आखजीला माहेरी आलेल्या लेकी, पोळ्याचे बैल हे त्यांचे विषय. कोणत्या वस्तूला काय म्हणू नये याची एक लांबलचक यादीच त्यांनी एका रचनेत दिली असून, शब्द आणि गुण यांची सांगड किती नेमकी असावी याचा तो धडाच आहे. जळगावात छापखाना आला तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने त्याच्यावरही गाणे केले. कोऱ्या कागदाला छापल्यावर येणारे शहाणपण आणि माणसाचे मात्र कोरेच राहणे, यातला विरोध तिच्या नजरेतून सुटला नाही.

हे सारे त्या ज्या बोलीत म्हणत, ती जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, बोदवड, मुक्ताईनगर आणि जामनेर या तालुक्यांत, म्हणजे जुन्या पूर्व खान्देशात बोलली जाते. पूर्वेला ती बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत आणि उत्तरेला मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या बाजूला पोहोचते. केळी आणि कपाशीच्या या काळ्या जमिनीवर शेती करणाऱ्या लेवा पाटीदार समाजावरून तिला हे नाव मिळाले. आपले पूर्वज गुजरातेतून इकडे आले, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. अहिराणीचा मुलूख याच्या पश्चिमेला येतो. धुळे आणि नंदुरबार जिल्हे, जळगाव जिल्ह्यातील अमळनेर, पारोळा, चाळीसगाव हा भाग आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव, कळवण हा तिचा मुख्य प्रदेश. बहिणाबाई जन्मल्या तेव्हा यातील बहुतांश मुलूख खान्देश या एकाच जिल्ह्यात होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. एक खान्देश म्हणून एकच बोली, असा समज रूढ होण्यामागे हा इतिहासही आहे.

शिवाय दोन्ही बोलींत काही खुणा समान आहेत. प्रमाण मराठीतील ‘ळ’ या दोन्हीत ‘य’ होतो. जळगावचे जयगाव होते, डोळ्याचा डोया होतो. ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो, मात्र तो तर वऱ्हाडीतही येतो. एवढ्या साम्यावर पुण्या-मुंबईच्या कानाने बहिणाबाईंना अहिराणीच्या कवयित्री ठरवून टाकले. फरक पुढे दिसतो. अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ‘ना, नी, नं’ असा आहे, म्हणजे रामाचे घर हे ‘रामनं घर’ होते, माझा हा ‘मना’ होतो आणि ‘आहे’ या क्रियापदासाठी ‘शे’ येते. लेवा बोलीत ‘चा, ची, चं’ कायम राहतात. बहिणाबाईंच्या ओव्यांतही तेच आढळतात. त्यांची बोली अहिराणीची शेजारीण आहे, वऱ्हाडीचीही आहे, पण ती स्वतंत्र आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली आला, तर खान्देशी म्हणजे अहिराणीचा समावेश १९०७ च्या एका निराळ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबत झाला. जनगणनेतही खान्देशीची स्वतंत्र गणना होते. २०११ मध्ये ती मातृभाषा म्हणून नोंदवणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांहून अधिक होती. लेवा बोली बोलणारे मात्र साधारणतः मराठी हीच आपली मातृभाषा म्हणून सांगतात. त्यामुळे आकड्यांत या बोलीचे अस्तित्व झाकले जाते. तिची सर्वांत ठळक नोंद उरते ती बहिणाबाईंच्या पुस्तकात.

ही नोंद राहिली हेही एक आश्चर्यच. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते आणि आपण काही जपून ठेवण्याजोगे रचतो आहोत, असे त्यांना वाटतही नसे. काम झाले की ओवी विरून जाई. धाकटा मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातील काही रचना ऐकून वहीत उतरवून घेतल्या. सोपानदेव चौधरी (१९०७-१९८२) पुढे स्वतः मराठीतील नावाजलेले कवी झाले. त्यांची स्वतःची कविता प्रमाण मराठीत आहे. आईच्या ओव्या लिहिताना त्या शुद्ध करून घेण्याचा मोह कोणाही शिकलेल्या माणसाला त्या काळात सहज झाला असता. गावंढळ भाषा म्हणून बोलीला हसण्याचे ते दिवस होते. पण वहीत ‘य’ चा ‘ळ’ झाला नाही, ‘ले’ चा ‘ला’ झाला नाही. मुलाने आईचे शब्द आईच्याच उच्चारात राहू दिले, ही त्यांनी मराठीची केलेली मोठी सेवा होय.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. तोवर त्यांची एकही ओळ पुस्तकरूपाने छापली गेली नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. तेही काहीशा संकोचानेच, असे सांगितले जाते. अत्रे यांनी तिचे मोल तत्काळ ओळखले. हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा अपराध ठरेल, असे त्यांचे मत पडले आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतात त्यांच्या रचना आल्या आणि ज्यांनी पुस्तक पाहिलेही नव्हते अशा घरांतही त्या पोहोचल्या. आता जळगावच्या चौधरीवाड्यातील त्यांचे घर स्मृतिस्थळ झाले आहे. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

शाळेत न गेलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला मिळाले, हा गौरव खराच. परंतु त्याचबरोबर एक हिशेबही मांडायला हवा. आज हाती असलेल्या रचना थोड्या आहेत. पन्नास वर्षे रोज दळताना, निंदताना, उपणताना जे गायले गेले त्यातील बहुतांश जात्याबरोबरच थांबले, कारण तेव्हा जवळ लिहिणारे कोणी नव्हते. त्यांच्या शेजारच्या जात्यावर गाणाऱ्या बायांना तर सोपानदेव लाभलेच नाहीत.

बोलीचे आजही असेच आहे. तापीकाठच्या खेड्यांतून शिक्षणासाठी जळगाव, पुणे, मुंबई गाठणारी मुले वर्गात पहिल्यांदा बोलताना ‘य’ सांभाळतात, ‘ले’ गिळतात. घरी आजीशी बोलताना जे सहज येते ते चारचौघांत लपवावेसे त्यांना वाटते. या मुलांच्या पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंची कविता असते, ती पाठही होते आणि तिच्यावर गुणही मिळतात. ती कविता आपल्याच आजीच्या बोलीत आहे, एवढे एखाद्या शिक्षकाने वर्गात सांगितले, तर बहिणाबाईंच्या नावाचा खरा सन्मान तेथे होईल.