विश्लेषण : मांडवीतला ताप प्लेगचा आहे, हे डॉ. व्हिएगस यांनी कसे ओळखले?

पावसाळा सुरू झाला की तुळिंज आणि नालासोपारा पूर्वेच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो की नुसता व्हायरल? पहिल्या दोन दिवसांत सगळे ताप जवळपास सारखेच दिसतात. रक्ताचा अहवाल येईपर्यंत डॉक्टरचा अनुभव आणि त्याने विचारलेले प्रश्न, एवढ्यावरच भिस्त असते. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात असाच एक ताप पसरत होता. तो ओळखला एका खासगी डॉक्टरने. त्यांचे नाव डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस.

कोण होते डॉ. व्हिएगस?

गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे या गावी १८५६ मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८८० मध्ये वैद्यकीय पदवी घेतली आणि मांडवीत दवाखाना थाटला. १८८८ मध्ये ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले. म्हणजे सकाळी ज्या चाळीत रुग्ण तपासायचा, तिथल्या गटारांबद्दल सभागृहात प्रश्न विचारायचा, अशी दोन्ही कामे एकाच माणसाकडे होती. पुढच्या घटनाक्रमात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. नुसते डॉक्टर असते, तर त्यांचे निदान कदाचित दवाखान्यातच राहिले असते.

मांडवीत नेमके काय दिसले?

मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. खाली गोदामे, वर दाटीवाटीने राहणारे व्यापारी, मुनीम आणि हमाल. हवा नाही, उजेड नाही, उंदीर मात्र मुबलक. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिथे लोक तापाने पटापट मरू लागले. वखारींत उंदीरही मरून पडत होते.

सप्टेंबरमध्ये डॉ. व्हिएगस यांनी पाहिलेल्या रुग्णांना जोराचा ताप होता आणि जांघेत सुजलेली गाठ होती. आता जांघेत गाठ येणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाला जखम झाली तरी अवधाण येते. हत्तीरोगात येते, काही गुप्तरोगांतही येते. त्यामुळे गाठ बघून लगेच प्लेग म्हणणारा डॉक्टर चुकण्याचीच शक्यता जास्त.

पण प्लेगची गाठ वेगळी असते. ताप अचानक आणि थंडी वाजून येतो. गाठ इतकी दुखते की रुग्ण पाय सरळ करत नाही. काही तासांत त्याची शक्ती जाते, बोलणे अडखळते, झोक जातो. पायाला जखम सापडत नाही. एकाच घरात किंवा एकाच चाळीत पाठोपाठ रुग्ण निघतात. यातले एकेक लक्षण वेगळे घेतले तर फसवे आहे, सगळी एकत्र आली की चित्र स्पष्ट होते. त्या वेळी मुंबईतल्या बहुतेक डॉक्टरांनी प्लेग फक्त पुस्तकात वाचला होता. डॉ. व्हिएगस यांचे मोठेपण इथे आहे. पुस्तकातला आजार समोरच्या खाटेवर आहे, हे त्यांना पटले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीत हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीर केले.

नाव घ्यायला टाळाटाळ का झाली?

प्लेग हा शब्द उच्चारला की बंदर अडकणार, हे सगळ्यांना कळत होते. मुंबईचा कापूस आणि धान्य जगभर जात होते. प्लेगग्रस्त बंदरातून आलेल्या जहाजांना इतर देश क्वारंटाइन करत. त्यामुळे सुरुवातीला अधिकाऱ्यांकडून गाठीचा ताप, वेगळ्या प्रकारचा ताप अशी सौम्य भाषा वापरली गेली. आजार तोच, नाव मवाळ. हा मोह आजही संपलेला नाही, हे वेगळे सांगायला नको.

निदान पक्के करण्यासाठी कोलकात्यात कॉलऱ्याच्या लशीवर काम करणारे वाल्डेमार हाफकिन यांना बोलावण्यात आले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, अलेक्झांडर यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधला होता. त्यामुळे पडताळणी शक्य होती. ऑक्टोबरमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तोच जंतू दिसला. डॉ. व्हिएगस बरोबर होते.

तेव्हा उपचार काय होते?

खरे सांगायचे तर काहीच नव्हते. प्रतिजैविके यायला आणखी अर्धे शतक होते. उपचार न मिळालेल्या गाठीच्या प्लेगमध्ये १०० पैकी ३० ते ६० रुग्ण दगावतात. अशा वेळी योग्य निदानाचा उपयोग काय, असा प्रश्न पडू शकतो. उपयोग समोरच्या रुग्णापेक्षा शेजारच्या खोलीतल्या माणसाला होता. डॉ. व्हिएगस यांनी वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांवर भर दिला आणि संसर्गाचा धोका पत्करून रुग्ण तपासत राहिले.

गंमत म्हणजे उंदराकडून माणसाकडे आजार नेमका कसा येतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू नवे शरीर शोधते, हा धागा पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत जोडला. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत येते.

दरम्यान हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे मूळ या कामात आहे.

निदानानंतर शहराचे काय झाले?

आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून काही महिन्यांत जवळपास निम्मे लोक बाहेर पडले. बोटीने कोकणात, आगगाडीने पुण्याकडे आणि वसई-विरारवरून गुजरातकडे. आजार त्यांच्यासोबत गेला. ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि घरात घुसून झडत्या, सक्तीने स्थलांतर सुरू झाले. पुण्यात १० मार्चला प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, तर २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. लोकांचा विश्वास गमावल्यावर रुग्ण लपवले जातात आणि लपवलेला रुग्ण कुठल्याच डॉक्टरला तपासता येत नाही.

आज प्लेग झाला तर?

वेळेत निदान झाले तर तो बरा होतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे त्यावर चालतात. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतमध्ये फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा सुरतहून लाखो लोक बाहेर पडले आणि टेट्रासायक्लिन दुकानांतून संपले.

वसई-विरारकरांसाठी उंदरांशी जोडलेला जवळचा धोका लेप्टोचा आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, विशेषतः पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रतिबंधक गोळी त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ताप आल्यास पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. निदानाची अर्धी वाट या एका वाक्याने कमी होते.

डॉ. व्हिएगस १९०६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबी तलावजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. चर्चगेटला उतरून पायी काही मिनिटांत तिथे पोहोचता येते.