चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (मूळ नाव: अँटोनियो झेवियर वाझ, जन्म: इ.स. १९१६, हळदोणे, गोवा; मृत्यू: इ.स. १९६७, मुंबई) हे भारतीय जाझ ट्रम्पेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व चित्रपटसंगीतातील वाद्यमेळ-संयोजक होते. अमेरिकन जाझ, लॅटिन अमेरिकन नृत्यताल आणि हिंदी चित्रगीत यांचा मेळ घालणाऱ्या आद्य वादकांत त्यांची गणना होते.

== पार्श्वभूमी ==

वाझ यांचा जन्म बारदेश तालुक्यातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. त्यामुळे स्वरलिपी वाचून वाजवू शकणारे अनेक गोमंतकीय वादक मुंबईतील हॉटेले, नृत्यगृहे व पुढे चित्रपटसृष्टीत स्थिरावले.

== जाझ कारकीर्द ==

इ.स. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर शहरात जाझचे आकर्षण वाढले. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँग यांचा आदर्श समोर ठेवला. त्यांच्या वादनशैलीमुळे ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत असे.

== चित्रपटसंगीत ==

संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून त्यांनी ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) व ‘अलबेला’ (१९५१) या काळातील संगीतात महत्त्वाचा वाटा उचलला. मास्टर भगवान दिग्दर्शित ‘अलबेला’त बोंगोसारखी लॅटिन तालवाद्ये व ट्रम्पेट यांची जोड देशी वळणाच्या चालींना मिळाली. या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी ‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला संगीत दिले. त्यातील तलत महमूद यांनी गायलेले ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ हे गीत अतिशय संथ व हळुवार आहे. नृत्यगृहात झंझावाती वाजवणाऱ्या वादकाची ही रचना त्यांच्या प्रतिभेचा वेगळा पैलू दाखवते. ‘आखरी खत’ (१९६६) या चित्रपटातही ते ट्रम्पेट वाजवताना दिसतात.

== श्रेयाचा प्रश्न ==

त्या काळी संगीतकार चाल बांधत. वाद्यांचे स्वतंत्र भाग लिहिणे, पूरक सुरावटी रचणे व गीताच्या मधले संगीत उभे करणे यांत संयोजकाचा मोठा सहभाग असे. श्रेयनामावलीत आणि ध्वनिमुद्रिकांवर मात्र प्रामुख्याने संगीतकाराचेच नाव येई. परिणामी एखाद्या गीतातील नेमका कोणता भाग वाझ यांचा, हे आज ठरवणे कठीण जाते. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आदी गोमंतकीय संयोजकांच्या कार्याबाबतही हीच अडचण आहे.

== वारसा ==

वयाच्या पन्नाशीच्या सुमारास मुंबईत त्यांचे निधन झाले. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथामुळे मुंबईच्या जाझ परंपरेकडे व तिच्यातील त्यांच्या स्थानाकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले. ‘अलबेला’तील गीते आजही समारंभांतून वाजतात, त्यांतील ट्रम्पेटचे सूर ही त्यांच्या कार्याची सर्वाधिक परिचित खूण होय.