टिळकांचा नवा करार

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके कागदोपत्री मध्यप्रदेशचे, पण बोलीने आणि चालीरीतीने नागपूर-वऱ्हाडचे. २०२३ साली दोहोंचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. बाहेरच्या माणसाला ह्या मुलखातले फार तर एक ठाऊक असते, ते म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार. वर्षाच्या उरलेल्या दिवसांची कोणी वार्ता करीत नाही. त्या दिवसांत इकडच्या घरांतून सकाळी पोथी उघडली जाते. कुठे ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या, कुठे गाथेतला एखादा अभंग, कुठे गुरुचरित्राचा अध्याय. ग्रामगीता १९५५ साली निघाली, तेव्हापासून पुष्कळ घरांत तीही. आणि दिवेलागणीला तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना. वाचणारा पंडित असतोच असे नाही. बोट अक्षरांवरून फिरते, ओठ हलतात आणि मग माणूस कामाला लागतो.

ख्रिस्ती घरे इकडे थोडी. पण मराठी ख्रिस्ती घर कुठलेही घ्या, नागपूरचे असो की नगरचे, तिथेही ही रीत जवळजवळ तशीच दिसते. फक्त पोथीच्या जागी बायबल असते आणि वाचन संपल्यावर जे भजन म्हटले जाते ते बहुधा एका कोकणस्थ ब्राह्मणाने रचलेले असते. ते ब्राह्मण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता शाळेत पाठ न केलेला मराठी माणूस विरळा. फुलांमुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लावले ते एका लहानशा पुस्तकाने आणि ते पुस्तक रोज, क्रमाने, शेवटपर्यंत वाचण्याच्या त्यांच्या सवयीने. आणि हे घडले आपल्या ह्याच बाजूला, नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने अत्यंत तापट. आई जानकीबाई भाविक होत्या, आणि काव्याची गोडी मुलाला लागली ती आईकडून. नारायण अकरा वर्षांचा असताना ती गेली आणि त्यानंतर त्या घरात त्याचा जीव रमला नाही. तो नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत काव्याचे अध्ययन झाले, थोडे इंग्रजीही झाले. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झाले. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे असे काही थैमान होते की ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचताना हसावे की रडावे कळत नाही.

संसार मांडला, पण टिळक एका ठिकाणी टिकणारे नव्हते. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तन, परवा आणखी कुठे. खिशात पैसे असले तर वाटेत भेटलेल्या पहिल्या गरजूला देऊन मोकळे. त्यांच्या उदारपणाच्या गोष्टी सांगताना चरित्रकार फार रंगतात. घरात तांदूळ नाहीत हे ज्या बाईला कळत होते तिच्या बाजूने त्या गोष्टी फारशा कोणी सांगितल्या नाहीत, म्हणून शेवटी तिने स्वतःच सांगितल्या.

१८९१ च्या आसपास टिळक नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांनी वैदिक ग्रंथांच्या संपादनाचे काम हाती घेतले होते, त्यात टिळकांच्या संस्कृताचा उपयोग झाला. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. ह्या वेळी त्यांच्या मनात धर्माविषयी मोठी उलघाल चालली होती. देव एकच आणि तो सर्वांचा पिता, माणसे सगळी भावंडे, मूर्तिपूजा आणि जातिभेद ह्यांनी देश खाली ओढला, अशी त्यांची मते पक्की होत होती. एखादा नवाच धर्म आपण काढावा आणि त्याचे शास्त्र आपणच लिहावे, इथपर्यंत मजल गेली होती. त्या काळी असे विचार करणारे तरुण बरेच होते. बहुतेकांचे नवे धर्म त्यांच्या वहीतच राहिले.

१८९३ साली टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. हे संस्थान आता छत्तीसगडात आहे; तेव्हा तेथे बैरागी महंतांच्या गादीवर राजे बलरामदास होते. संस्थानी नोकरी काय असते हे आपल्यासारख्या संस्थानी शहरात पिढ्या काढलेल्यांना सांगावयास नको. मानाची खरी, पण महाराजांची मर्जी म्हणजे वळवाचा पाऊस. आम्हा दरबारी गवयांच्या घरांना हे जास्तच ठाऊक. गाडीत टिळक मधल्या वर्गाच्या डब्यात बसले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते, त्यांनी आदराने जागा करून दिली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावरून. मग विषय धर्माकडे वळला. उतरण्याच्या आधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली, ती वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून ठेवले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पदच वाटले असावे. दोघांनी एकमेकांची नावेही विचारली नाहीत.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टिळकांना त्या पुस्तकाची ओढ नव्हती. पण कोणतेही पुस्तक हाती आले की पहिल्या पानापासून आरंभ करावा, हातात पेन्सिल घ्यावी, खुणा करीत जावे आणि शेवटपर्यंत जावे, ही त्यांची जुनी शिस्त होती. त्या शिस्तीने त्यांनी मत्तयाचे शुभवर्तमान उघडले. ज्यांनी ते उघडून पाहिले आहे त्यांना माहीत असेल की त्याचा आरंभ वंशावळीने होतो. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, अशी नावांची लांबलचक रांग. परक्या देशाची, परक्या भाषेची. आपल्या पुराणांतल्या वंशावळीही वाचक उलटून टाकतो, मग ह्या तर कोणाच्या कोण! टिळकांना त्या पानांत काही गोडी वाटली नाही. तरीही ते वाचीत गेले. पाचव्या अध्यायाशी आले आणि तेथे येशूचे डोंगरावरचे प्रवचन सुरू झाले. पाचवा, सहावा आणि सातवा, असे ते तीन अध्याय आहेत. ते संपेपर्यंत पुस्तक त्यांच्या हातून सुटले नाही. वेदान्ताच्या ज्या कूट प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले होते त्यांची उत्तरे ह्या साध्या बोलण्यात आहेत, असे त्यांना वाटले. मग मात्र वाचन थांबले नाही. शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

गाणे शिकविणाऱ्याला ह्यातली मेख लगेच ओळखू येते. शिष्याला पहाटे खर्ज लावायला बसविले की पहिले काही महिने त्यात गोडी अशी नसतेच. नुसता सा, घटकाभर. ज्याला फक्त गोड तेवढे हवे असते तो दुसऱ्या आठवड्यात चीज मागतो, आणि चीज मिळाली तरी त्याच्या गळ्यात ती बसत नाही. टिळकांनी चाळून पाहण्यासाठी पुस्तक घेतले असते तर वंशावळीपाशीच ते खाली ठेवले असते. पाचव्या अध्यायापर्यंत त्यांना श्रद्धेने आणले नाही, सवयीने आणले.

पुढले दिवस राजनांदगावातले. रोज वाचायचे, वाचलेले मनात घोळवायचे, आणि मग ते खरे आहे की नाही हे वागून पाहायचे. प्रार्थनेचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली. मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार झाला. नुसते पाठांतर किंवा पारायण त्यांनी केले नाही. आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यास अशा ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत त्यांवरून हा संस्कृत शिकलेला माणूस चालला, एवढेच. आणि एकदा पटले की मागे वळून पाहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या गृहस्थांचे भाकीत जवळजवळ मुदतीत खरे ठरले.

ह्या वाचनाची किंमत कोणी दिली? टिळकांनी दिली, हे खरेच. जात गेली, मित्र गेले, नातलगांची दारे बंद झाली. पण अधिक मोठा भाग दिला लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने रोज काय वाचले, मनात काय चालले, ह्यातले त्यांना फारसे काही सांगितले गेले नव्हते. एके दिवशी बातमी आली आणि सव्वीस वर्षांची ही बाई, पदरी लहान मूल, सवाष्ण असून पतीवाचून झाली. पाच वर्षांच्या आसपास दोघे वेगळे राहिले. आपल्या जुन्या घरांतून परधर्माच्या पुस्तकाविषयी जी धास्ती असे तिला नुसते अडाणीपण म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. त्या धास्तीच्या पोटात अशा बायकांची आयुष्ये होती. पत्नीला वाटेत विश्वासात न घेता एकट्यानेच मुक्काम गाठावा, हे टिळकांचे वागणे मला त्यांच्या साऱ्या कवित्वासकट पटत नाही.

पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहावयास गेल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. टिळकांनीही त्यांच्यावर जुलूम केला नाही; वेगळी चूल, वेगळे पाणी चालू दिले. त्यांनी बाईंना लिहिण्यावाचण्याची गोडी लावली. मन वळायचे ते हळूहळू वळले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, एवढे एक त्यांच्या मनाने घेतले आणि मग बाकीचे सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशाळेत शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. डॉ. ह्यूम ह्यांच्यासारख्यांचा लोभ होता, तरी मिशनच्या साहेबी थाटाशी त्यांचे कधी जुळले नाही. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आले. घरात बालकवी ठोमऱ्यांसारखी पोरे मुलांप्रमाणे वावरत. पण त्यांच्या रोजच्या वाचनात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. बायबलापाशी तुकोबांची गाथा आणि ज्ञानेश्वरी राहिली. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मानीत. यहुद्यांना जसा जुना करार, तशी आपल्या लोकांना संतवाणी, असा त्यांचा विचार होता. मिशनमधल्या कित्येकांना हे रुचले नसेल, आणि आपल्याकडच्याही कित्येकांना रुचणार नाही. माणूस मात्र दोन्हीकडे प्रामाणिक राहिला.

गाण्याच्या बाजूने पाहिले तर ह्या वाचनाचे फळ फार मोठे. टिळकांच्या आधी मराठी देवळांतून इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हटली जात. अक्षरे मराठी, पण ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण अशी की कानाला सोसू नये. पदे आणि ख्रिस्ती कीर्तने करणारे नगरचे कृष्णराव सांगळे यांच्यासारखे लोक होऊन गेले होते, परंतु सगळ्या उपासनेचा कंठ मराठी झाला तो टिळकांनी. दिवसाचे वाचन मनात मुरे आणि अभंग होऊन बाहेर पडे; ‘अभंगांजली’ त्यातूनच झाली. अभंग, ओवी आणि पद हेच साचे असल्याने टाळ-मृदंगावर ती भजने सरळ बसतात. ‘उपासना संगीत’ ह्या भजनसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. त्या म्हणणाऱ्याला चाल मुद्दाम शिकवावी लागत नाही. वारकऱ्याच्या घरातले पोर ऐकता ऐकता साथ धरील.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आणखी एक उडी घेतली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी उभी केली. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ह्या दरबारात जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानले की पुरे. संस्थानच्या दरबारात नोकरी करायला निघालेल्या माणसाने चोवीस वर्षांनी हे नाव निवडावे ह्याची मौज वाटते. दरबार फार वाढला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळकांचा अंत झाला.

मागे एक काम अपुरे राहिले होते. येशूचे सबंध चरित्र ओवीत सांगावयाचे, असा ‘ख्रिस्तायना’चा संकल्प त्यांनी सोडला होता. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे. त्यानंतर तीनशे वर्षांनी मराठीत पुन्हा असा यत्न होत होता. टिळकांच्या हातून सुमारे दहा अध्याय झाले. उरलेले लिहायला बसल्या लक्ष्मीबाई. ज्या पुस्तकाने घर मोडले होते तेच पुस्तक त्यांनी पुढ्यात घेतले, आणि एकेक प्रसंग वाचून त्याच्या ओव्या करीत साठांहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ग्रंथ त्यांच्या मागे १९३८ साली त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनी छापून काढला.