रोग्याच्या उशाशीं : सावित्रीबाई फुले

सावित्रीबाई फुले हें नांव घेतलें कीं मुलींची शाळा, वाटेंत अंगावर पडणारें शेण, आणि तरीही न डगमगतां शिकवावयास जाणारी ती तरुण शिक्षिका आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. त्यांच्या आयुष्याचें आणखी एक अंग आहे. त्याकडे मात्र आपलें लक्ष कमी जातें. तें म्हणजे रोग्यांची शुश्रूषा. आज आम्ही आमच्या बालवाचकांस त्याविषयीं चार शब्द सांगणार आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. १८४० सालीं जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. त्यांनीं पत्नीस घरीं शिकविलें. पुढें अहमदनगर येथें मिशनच्या मिस फॅरार यांच्या हाताखालीं सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, व तेथें त्या शिकवूं लागल्या. उभयतांस मूल नव्हतें. आश्रयास आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत होय.

१८८८ सालीं जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला व त्यांचें उजवें अंग लुलें पडलें. त्यांचे स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनीं उपचार केले. परंतु डॉक्टर घटकाभर येतो, आणि रोगी आठही प्रहर घरांत असतो. त्यास उठविणें, बसविणें, भरविणें, रात्रीं हाक आली कीं धांवणें, हें सारें घरच्या माणसांवर पडतें. सावित्रीबाईंचें वय तेव्हां सत्तावन्न वर्षांचें होतें. अशा स्थितींत जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला, व 'सार्वजनिक सत्यधर्म' हा आपला ग्रंथ पुरा केला. तो ग्रंथ जितका त्यांच्या निश्चयाचा, तितकाच त्यांस सांभाळणाऱ्या हातांचाही आहे, असें आम्हांस वाटतें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. अंत्ययात्रेंत टिटवें धरून सावित्रीबाई पुढें चालल्या. त्या काळीं स्त्रीनें असें करणें अपूर्वच होतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ आली, व लवकरच ती पुण्यांत पोंचली. उंदरांवरील पिसवांमुळें हा रोग माणसास जडतो, हें तेव्हां सिद्ध झालेलें नव्हतें, आणि खात्रीचें औषधही नव्हतें. जांघेंत किंवा काखेंत गांठ आली कीं शेजारी दार लावून घेत. गरिबाच्या झोपडींत आजारी मूल व त्याच्या उशाशीं बसलेली आई, दोघेंही एकटीं पडत. अशा वेळीं यशवंतरावांनीं हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यांत दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः वस्त्यावस्त्यांतून जाऊन रोग्यांस तेथें आणूं लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यांत गायकवाड यांच्या मुलास प्लेग झाल्याचें कळलें, तेव्हां त्या तेथें गेल्या व त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आल्या, असें चरित्रकार सांगतात. त्या सेवेंतच त्यांस प्लेगनें गांठलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. पुढें १९०५ सालीं यशवंतरावही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांनाच वारले.

सहासष्ट वर्षांच्या त्या वृद्धेनें दुसऱ्या कोणास पाठविलें असतें, तरी कोणीं दोष दिला नसता. मग त्या स्वतः कां गेल्या? आम्हांस वाटतें, दोन वर्षांहून अधिक काळ ज्यांनीं आपल्या घरीं रोग्याची सेवा केली, त्यांस दुसऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माउलीचें दुःख सांगावें लागलें नसेल. आणि ज्या वस्तीचा उंबरठा एरव्हीं कोणी ओलांडीत नसे, तेथें साथींत कोण जाणार, हेंही त्या जाणून होत्या.

आमच्या मुळशी तालुक्यांत डोंगराच्या कुशींत व धरणाच्या पलीकडे अशीं गांवें आहेत, कीं श्रावणाच्या झडींत रोग्यास दवाखान्यांत नेणें म्हणजे एक प्रवासच. तेथें अंथरुणास खिळलेले वृद्ध आहेत, आणि त्यांच्यापाशीं रात्रंदिवस जागणारी सून किंवा लेक आहे. घरोघरीं जाऊन अशा कुटुंबांस आधार देणारे डॉक्टर, परिचारिका व स्वयंसेवक आज पुण्याच्या परिसरांत आहेत. परंतु त्यांचे हात सर्वत्र पोंचत नाहींत. विद्यार्थ्यांनो, सांथीच्या रोगांत डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून रोग्याजवळ जाऊं नका. एरव्हीं मात्र वडील माणसांस विचारून शेजारच्या घरीं दोन हंडे पाणी भरून द्या, औषध आणून द्या, आजोबांस वर्तमानपत्र वाचून दाखवा, म्हणजे तेवढा वेळ घरच्या बाईस डोळा लावतां येईल. तेथें गेल्यावर रोग्याची चौकशी कराच. पण त्याच्या उशाशीं बसलेलीनें आज दोन घांस खाल्ले कीं नाहीं, हेंही विचारा.