पंडिता रमाबाई : एक चरित्र-स्मरण

थोर पुरुषांची व स्त्रियांची चरित्रे वाचून आपल्या जीवनास वळण लावावे, असा उपदेश आपण मुलांना नेहमी करतो. परंतु चरित्रनायक आपल्या ज्ञातीचा, आपल्या पंथाचा व आपल्या मताचा असेल तरच त्याचे चरित्र आपणांस गोड लागते. प्रस्तुत स्मरणिकेसाठी आम्ही जे चरित्र निवडले आहे ते पंडिता रमाबाईंचे. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. पुढे त्यांनी धर्मही निराळा स्वीकारला. तथापि दुष्काळ, वैधव्य आणि शारीरिक व्यंग या तीन आपत्तींशी आयुष्यभर झुंज देऊन ज्यांनी सहस्रावधी निराधार स्त्रियांना आपल्या पायांवर उभे केले, अशी दुसरी स्त्री गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात शोधू जाता विरळाच. आपल्या घरांतील सुना-मुलींनी, आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनी, हे चरित्र वाचावे असे आम्हांस मनापासून वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. विद्यार्थिदशेत पुण्यास असता आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रियाही ही विद्या शिकू शकतात हा विचार त्यांच्या मनात कायमचा ठसला. आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा आप्तेष्टांनी व शास्त्रीमंडळींनी त्यांच्यावर रोष धरला. उडुपी येथे विद्वानांपुढे त्यांना आपल्या वर्तनाचा खुलासा करावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी तो केलाही. पण लोकांच्या कुजबुजीला शास्त्राधार पुरत नाही. अखेर अनंतशास्त्री अरण्यात आश्रम बांधून राहिले. अशा घरी रमाबाई जन्मल्या.

त्या काही महिन्यांच्या असतानाच हे बिऱ्हाड हलले आणि पुढील सुमारे सोळा वर्षे कुटुंबाला स्वतःचे असे घर उरले नाही. तीर्थक्षेत्री जावे, देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. वडील वृद्ध झालेले; म्हणून रमाबाईंना आईनेच शिकविले. हाती पुस्तक क्वचितच असे; पहाटे उठवून आई पाठ देई व मुलगी तो मुखोद्गत करी. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी भागवताचा मोठा भाग व व्याकरण, कोश त्यांच्या जिव्हाग्री होते. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखाचा ठरल्यामुळे आईबापांनी रमाबाईंचे लग्न लहानपणी केले नाही. हा एक निर्णय पुढे केवढा मोलाचा ठरला, हे चरित्र पुढे वाचता कळून येईल.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. या कुटुंबाची विद्या मोठी. पण अंगमेहनतीची सवय नाही व भीक मागण्याची लाज. दागिने गेले, भांडी गेली, शेवटचा दाणाही संपला. काही दिवस पाणी, झाडपाला आणि रानातील फळे यांवर त्यांनी काढले. त्या उपासमारीत प्रथम वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई गेली व नंतर थोरली बहीणही गेली. आईचे शव स्मशानात न्यावयास माणसे मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण दया येऊन पुढे आले. चौथा खांदा मुलीनेच द्यावा लागला. रमाबाई ठेंगण्या, तिरडी समपातळीत राहावी म्हणून त्यांनी आपला भार खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल वाट चालल्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या वाट्यास आलेला हा प्रसंग लिहिताना आमची लेखणी अडखळते. इतके वेदपठण करणारे ते गाव, आणि एका विद्वान स्त्रीच्या प्रेतास चार खांदे मिळू नयेत! ज्ञाती म्हणजे काय, तिचा उपयोग कोणत्या वेळी व्हावयाचा, याचा विचार अशाच प्रसंगी करावा लागतो.

आता रमाबाई व थोरले बंधू श्रीनिवास ही दोघेच उरली. सहस्रावधी मैलांची पायपीट करीत १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिचे संस्कृत ऐकून ते थक्क झाले. पंडिता व सरस्वती या पदव्या त्यांना तेथेच मिळाल्या. थंडीवाऱ्यात उपाशी पोटी हिंडणारी मुलगी एकाएकी देशभर प्रसिद्धीस आली. परंतु दैवाचा फेरा थांबला नव्हता. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. त्यामुळे दोन्हीकडील समाज दुरावला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच आई, वडील, बहीण, भाऊ व पती असे सर्व जाऊन रमाबाई एका तान्ह्या मुलीसह जगात एकट्या राहिल्या.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापिला. बालविवाहास प्रतिबंध व स्त्रीशिक्षण ही त्याची मुख्य कामे. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्या, आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडावी, कारण लज्जेमुळे पुरुष वैद्यास दुखणे न सांगता अनेक स्त्रिया अकाली मरतात, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्या काळी एका विधवेने सरकारी आयोगापुढे उभे राहून असे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती.

स्वतः वैद्यकीचे शिक्षण घ्यावे हा त्यांचा संकल्प होता. स्त्रीधर्मनीति या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. परंतु तेथे निराळेच संकट पुढे आले. त्यांची श्रवणशक्ती क्षीण होती व ती अधिकाधिक मंद होत चालली होती. रोग्याच्या छातीचे ठोके ऐकणे, शिक्षकांची व्याख्याने ऐकणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. वैद्यकीचा मार्ग बंद झाला. ज्या ध्येयासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले! दुसरी एखादी व्यक्ती असती तर दैवास बोल लावून परत फिरली असती. रमाबाईंनी मात्र कानांनी नाकारले ते डोळ्यांनी व बुद्धीने मिळविण्याचे ठरविले. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले व त्याच वेळी स्वतः गणित, सृष्टिशास्त्र व इंग्रजी साहित्य यांचा अभ्यास केला. डॉक्टर होता आले नाही तर शिक्षिका होईन, हा निश्चय येथे पक्का झाला. याच मुक्कामी २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. हा लेख धर्मचर्चेचा नसल्याने त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभास रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. आपणांस जे साधले नाही ते आपल्या देशभगिनीने साधलेले पाहून त्यांना काय वाटले असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. दुर्दैवाने आनंदीबाई क्षयाने पोखरल्या गेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यास निवर्तल्या. रमाबाई अमेरिकेत राहून खेळातून शिक्षण देणारी बालोद्यान पद्धती शिकल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे तेथील लोकांची सहानुभूती मिळून बोस्टन शहरी त्यांच्या नियोजित कार्यासाठी दहा वर्षे साहाय्य देणारी संस्था निघाली.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या दोन! त्यांपैकी एक होत्या गोदूबाई जोशी या बालविधवा. त्यांचाच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांनी हिंगण्यास जे विधवांच्या शिक्षणाचे कार्य वाढविले, त्याची एक ज्योत शारदासदनात लागली होती, हे आपण विसरता कामा नये. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, हे धर्मांतराचे आमिष आहे, असा गवगवा झाला. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची शंका निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच पालकांनी, त्याच समाजाने, आपल्या विधवा मुलींसाठी आधी दुसरे एखादे घर बांधले असते तर हा वाद उद्भवला असता काय? आपल्या मुलीस आपण आसरा द्यावयाचा नाही, आणि दुसऱ्याने दिला तर त्याचा धर्म विचारावयाचा, ही रीत न्यायाची नव्हे.

१८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्याची वार्ता कानी येताच रमाबाईंना आपले तरुणपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, रोगजर्जर, कोणी वाली न उरलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी बरोबर आणल्या. त्याच सुमारास पुण्यास प्लेगची साथ आली व शहरात इतक्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांची हरकत आली. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर माळावर तंबू व झोपड्या उभारून त्यांनी संसार थाटला. हेच मुक्तिसदन. पुढे १८९९-१९०० साली छप्पन्याचा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून त्यास छप्पन्या म्हणतात. गुजरातेत त्याने हाहाकार केला आणि गुजरातेच्या सीमेला लागलेल्या आपल्या खानदेशालाही त्याची झळ पोहोचली. रमाबाईंनी गुजरातेतून आणखी शेकडो जणींना आणले; केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली.

या वसाहतीचे वैशिष्ट्य असे की तेथे कोणी आश्रित म्हणून बसून खात नसे. विहिरी खोदल्या, मळे-बागा लावल्या, माग चालू झाले, तेलाचा घाणा, दुग्धालय व छापखाना निघाला. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे स्त्रिया करीत. आंधळ्या मुलींसाठी स्वतंत्र सोय होती. त्यांना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी व हस्तव्यवसाय शिकविले जात आणि त्या कामी मनोरमाबाईंनी पुढाकार घेतला. स्वतःचे कान गेलेल्या बाईंनी डोळे गेलेल्या मुलींना वाचावयास लावले! व्यंग आहे म्हणून माणूस निरुपयोगी ठरत नाही, हा सिद्धांत त्यांनी व्याख्यानाने नव्हे, तर विहीर, माग आणि छापखाना यांनी सिद्ध केला.

उतारवयात बहिरेपण वाढले, प्रकृती खालावली, तरी त्या हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या आणि मूळ ग्रंथांवरून बायबलाचे सुलभ मराठी भाषांतर करण्याचे काम अखेरपर्यंत करीत राहिल्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पण २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा, जी त्यांचा उजवा हात होती, चाळिसाव्या वर्षी वारली. हा शेवटचा घाव सोसूनही त्यांनी काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांनी देह ठेवला. त्यांची संस्था आजही तेथे निराधार स्त्रिया व मुले यांची सेवा करीत आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले. जिल्ह्यातील शाळांतून आम्ही नेहमी पाहत आलो की मुलास कमी ऐकू येत असल्यास त्यास नंदुरबार, धुळे किंवा सुरत येथे तपासणीस नेतात. मुलीस मात्र ती मंदबुद्धी आहे असे म्हणून मागच्या बाकावर बसू देतात. दीर्घ ज्वराने मुलगी चार महिने अंथरुणास खिळली तर तिचे नाव शाळेतून निघते ते पुन्हा लागत नाही. लग्नाच्या वेळी दोष निघू नये म्हणून दुखणे लपवावयाचे, लपवायचे म्हणून औषध करावयाचे नाही, आणि औषध नाही म्हणून ते वाढावयाचे! ज्ञातीच्या भीतीपोटी हे घडते, आणि ज्ञाती म्हणजे कोण? आपणच.

म्हणून आमची सभासद कुटुंबांस तीन गोष्टींची नम्र विनंती आहे. मुलीचे दुखणे लपवू नये. त्यास वेळीच उपचार करावा. आजारामुळे किंवा व्यंगामुळे तिचे शिक्षण थांबवू नये. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधावी. आणि ज्ञातीतील विधवा, परित्यक्ता व निराधार भगिनींस वर्षातून एकदा लुगडे-चोळी देऊन समाधान न मानता त्यांच्या हातास विद्या अथवा उद्योग द्यावा. वधूवर-मेळावा व गुणवंतांचा सत्कार ही आपल्या समाजाची भूषणे आहेत. त्यांच्या जोडीस अशा भगिनींच्या शिक्षणासाठी कायमचा निधी उभारला जाईल तर या स्मरणिकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

एका अनाथ मुलीला आईच्या तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. तसा प्रसंग आपल्या ज्ञातीतील कोणत्याही लेकीवर न येवो, आणि आलाच तर खांदा देण्यास आपण सर्व तत्पर असू, एवढा निश्चय आपण या निमित्ताने करू या.